कल्चरला दोन दिवस लागतात

स्यूडोमोनास नावाच्या जंतूच्या प्लेटला द्राक्षांचा वास येतो. पुस्तकात तसं छापलंय आणि एमएस्सीला आमच्या बाईंनीही तसंच शिकवलं होतं. पण नाशिकच्या माणसाला द्राक्षांबद्दल कुणी काय सांगावं! हा वास पिंपळगावच्या बागेतल्या घडांचा नाही, जत्रेत मिळणाऱ्या जांभळ्या गोळीचा आहे. गोडसर आणि जरा खोटा. प्लेट नाकाशी नेऊन हुंगायची नाही असा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. पण इन्क्युबेटरचं दार उघडलं की वास आपणहून अंगावर येतो, त्याला कोण काय करणार? तो आला की नंबर बघायच्या आधीच कळतं, आज कुणाच्या तरी चिघळलेल्या पायात, नाहीतर नळी लावलेल्या कुणा आजोबांच्या लघवीत हा गडी मुक्काम ठोकून बसलाय. आणि तोंडाने घ्यायच्या गोळ्यांपैकी फार थोड्या त्याच्यावर चालतील.

मी नाशिकमधल्या एका लॅबच्या कल्चर विभागात काम करते. कल्चर म्हणजे पेशंटच्या नमुन्यातले जंतू काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या चपट्या बशीत, म्हणजे प्लेटवर, वाढवून ओळखायचे. आमचं आणि बाहेर काउंटरवर बसणाऱ्यांचं एका गोष्टीवरून कायम वाजतं. साखर, थायरॉइड, सीबीसी, सगळे रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मोबाइलवर जातात. कल्चरचा जात नाही. मग काउंटरवरची मुलगी आत येते, "मॅडम, ते सर फार चिडलेत. आजच देता येईल का?" मी म्हणते, "थांब, जंतूला विचारून बघते."

प्लेटवर काय होतं ते आधी सांगायला हवं, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लघवीचा नमुना आला की ठरावीक मापाच्या लूपने (टोकाला बारीक कडी असलेल्या काडीने) एका मिलिलिटरचा हजारावा भाग उचलायचा आणि मॅकॉन्की आगर या जंतूंच्या खाद्याच्या प्लेटवर ओढायचा. मग प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये, अंगाच्या तापमानाच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी ई. कोलाय असेल तर राणी रंगाचे ठिपके उगवलेले दिसतात. ते मोजायचे. मिलिलिटरला लाखाच्या वर गेले आणि पेशंटला त्रासही होत असेल, तर गोष्ट खरी. पण इथवर काम अर्धंच झालेलं असतं. कोण आहे ते कळलं, कशाने मरतो ते कुठे कळलंय? त्यासाठी त्यातलेच थोडे ठिपके उचलून दुसऱ्या प्लेटवर एकसारखे पसरायचे आणि वर कागदाच्या इवल्या चकत्या ठेवायच्या. सहा मिलिमीटरच्या, प्रत्येकीत वेगळं औषध. पुन्हा एक रात्र. तिसऱ्या सकाळी, जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल पडलेला असतो, तिथे काही उगवलेलं नसतं. जे चालत नाही त्याच्या चकतीला जंतू थेट काठापर्यंत येऊन भिडलेले असतात. गोलाचा व्यास मोजायचा, तक्त्याशी ताडायचा आणि एस (चालतं), आय (मधलं) किंवा आर (चालत नाही) लिहायचं. मोठ्या लॅबमध्ये यंत्रं आहेत, त्यात काही तास वाचतात. पण उगवायला लागणारा वेळ यंत्रालाही चुकत नाही.

तिशीतल्या एका बाईंची प्लेट मला आठवते. दुखणं काय, तर लघवीला जळजळ. प्लेटवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनला गोल नाही, सेफिक्झिमला नाही, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटला नाही, सल्फाच्या गोळीलाही नाही. सगळ्या चकत्या ठिपक्यांत बुडालेल्या. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन या दोघांभोवती तेवढे गोल होते. त्यांचं नशीब, कारण या दोन्ही मूत्राशयापुरत्या चालणाऱ्या गोष्टी आहेत. हाच जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढला असता, थंडी वाजून ताप आला असता, तर या गोळ्या पुरल्या नसत्या, दवाखान्यात झोपून सुया घ्याव्या लागल्या असत्या. आता अशा प्लेटचं लॅबमध्ये कुणाला नवल वाटत नाही. शेजारच्या टेबलावरची मुलगी "अजून एक" म्हणते आणि नोंद करते.

लॅबमध्ये बसून माझं एक मत पक्कं झालंय. अँटिबायोटिक आपल्याला लागू पडणार की बाधणार, हे बरंचसं पहिली गोळी पोटात जायच्या आधी ठरून गेलेलं असतं. गोळी कशी घ्यायची याच्या सूचना महत्त्वाच्या आहेत, त्यावर येतेच. पण घ्यायची का, कोणती, आणि त्याआधी दोन दिवस धीर धरता येईल का, या प्रश्नांपाशी आपली गाडी घसरते. धीर धरायला कुणी तयार नाही. पेशंट नाही, घरचे नाहीत, आणि खरं बोलायचं तर पुष्कळ डॉक्टरही नाहीत. ज्या गावात दिंडोरी रोडला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, जिथून १९९८ पासून अख्ख्या राज्याच्या डॉक्टरकीच्या शिक्षणाचा कारभार चालतो, त्या गावात तरी वेगळं चित्र असावं असं मला वाटायचं. नाहीये.

नमुना येतो तोच मुळात उशिरा. आम्ही विचारतो, "काही गोळ्या चालू आहेत का?" उत्तर येतं, "नाही, नाही. फक्त मेडिकलवरून दोन दिवस घेतल्या होत्या, त्याने फरक पडला नाही म्हणून तर टेस्ट करतोय." आता झाली का पंचाईत! दोन दिवसांच्या गोळीने जंतू मेले नसतील, पण अर्धमेले झाले असतील तर प्लेटवर उगवत नाहीत. रिपोर्ट येतो "ग्रोथ नाही", आणि दुखणं तर चालूच. कल्चरचा नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा असतो. एवढी एक गोष्ट लोकांनी ध्यानात ठेवली तरी आमचं निम्मं काम सुधारेल.

दुसरा प्रकार गाडीच्या डिकीतला. सकाळी घरी बाटली भरायची, ती स्कूटरच्या डिकीत टाकायची, मुलाला शाळेत सोडायचं, शालिमारला एक काम उरकायचं, आणि उन्हातून अकरा वाजता लॅबला द्यायची. ई. कोलायला सोयीची ऊब मिळाली तर वीसेक मिनिटांत तो दुप्पट होतो. डिकीत त्याची दिवाळी असते. मग प्लेटवर जे उगवतं ते बाईंच्या मूत्राशयातलं किती आणि डिकीतलं किती, हे कोण सांगणार? नमुना धुतलेल्या अंगाचा, मधल्या धारेचा, दोन तासांच्या आत पोचलेला हवा. जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. (भाजीच्या ट्रेमध्ये नको, हेही सांगावं लागतं.)

रिपोर्ट हातात पडल्यावरची गंमत आणखी वेगळी. आमच्या सोसायटीतल्या एक काकू रिपोर्ट घेऊन थेट माझ्याकडे आल्या. एस लिहिलेल्या औषधांखाली त्यांनी पेनाने रेघा मारल्या होत्या.

"हे बघ, ही पाच औषधं मला चालतात. यातलं कोणतं स्ट्राँग आहे ते सांग. तेच आणते."

"काकू, तुम्हाला त्रास काय होतोय?"

"त्रास काही नाही गं. मुलाने पॅकेज बुक केलं होतं, त्यात लघवीची टेस्ट होती, त्यात पस सेल निघाले म्हणून कल्चर केलं."

जळजळ नाही, ताप नाही, सारखं जावं लागत नाही. उतारवयात, त्यातून मधुमेह असेल तर, लघवीत जंतू सापडणं आणि आजारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरोदरपणात, किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलं असेल तर अशा जंतूंवरही उपचार करतात. एरवी त्रास नसेल तर बहुतेकांना ते तसेच सोडून देणं शहाणपणाचं. आणि एस म्हणजे "हे घ्या" असा अर्थ होत नाही. काकूंच्या पाचांतली दोन इंजेक्शनं होती. एक नायट्रोफ्युरँटॉइन होतं, जे मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर देत नाहीत, आणि काकूंचं क्रिएटिनिन वाढलेलं होतं. जेवणासोबत घ्यायची ही गोळी लघवी गडद पिवळी, कधी तपकिरी करते. ते माहीत नसलेला माणूस कावीळ झाली म्हणून घाबरतो आणि आणखी एक टेस्ट करून घेतो. आमचा धंदा चालतो, तो भाग निराळा. मी काकूंना डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी काही दिलं नाही. काकू माझ्यावर जरा नाराज झाल्या, कारण टेस्टचे पैसे वाया गेले.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की दुसरा हंगाम सुरू होतो, टायफॉइडचा. टायफॉइड नाशिकमध्ये होतो, खरा होतो, त्याला अँटिबायोटिक लागतंच. पण "टायफॉइड निघाला" असं ज्यांच्या बाबतीत म्हणतात त्यातल्या कितीतरी जणांचा तो एका विडाल टेस्टवर निघालेला असतो. ही चाचणी १८९६ सालची आहे. ती रक्तात जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती पहिल्या आठवड्यात बहुधा दिसत नाहीत आणि एकदा तयार झाली की पुष्कळ दिवस राहतात. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, क्वचित दुसराच एखादा ताप असेल, तरी विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. एकट्या विडालवर विसंबू नये हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. खरी परीक्षा ब्लड कल्चरची. तीही पहिल्या आठवड्यात, गोळ्या सुरू करण्याआधी. पण ब्लड कल्चरला दिवस लागतात, पैसे लागतात, आणि विडाल अर्ध्या तासात हातात. मग डेंग्यूच्या तापावरही लोक सेफिक्झिम खात बसतात. डेंग्यूचा विषाणू असल्या गोळीकडे ढुंकूनही बघत नाही. पोटातले चांगले जंतू मात्र मरतात, जुलाब लागतात, आणि मग सगळे म्हणतात गोळ्या उष्ण पडल्या.

उष्ण पडणे हा आपल्याकडचा मोठा विषय आहे. गोळी उष्ण म्हणून ती दुधासोबत घ्यायची, वर गुलकंद, दुपारी ताक. अमॉक्सिसिलिनसारख्या गोळीला दुधाने काही होत नाही. पण डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांना दुधातलं कॅल्शियम पोटातच धरून ठेवतं, औषध रक्तात पुरतं पोचतच नाही. म्हणजे गोळी घेतली, पैसे गेले, आणि जंतूला फक्त चाहूल लागली. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, झिंक, आणि जळजळीवर घेतात ते पातळ अँटासिड, हे सगळे त्याच जातीचे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांच्या दोन तास आधी घ्यायची, नाहीतर सहा तास नंतर. आपल्या घरांत एका वेळच्या सगळ्या गोळ्या तळहातावर घेऊन एका घोटात गिळायची पद्धत आहे. "एकदाचं संपवायचं." सकाळच्या त्या मुठीत बीपीची, साखरेची, कॅल्शियमची आणि अँटिबायोटिकची अशा सगळ्या एकत्र असतात. चिठ्ठीवर वेळ लिहिलेली नसेल तर मेडिकलवाल्याला विचारावं, ते त्याचं कामच आहे.

पित्ताची गोळी तर आपण अँटिबायोटिकची सख्खी बहीण असल्यासारखी सोबत पाठवतो. ती सगळीकडे निरुपद्रवी नसते. सेफ्युरॉक्झिम आणि सेफपोडॉक्झिम या गोळ्यांना पोटात आम्ल लागतं, ते मारलं तर त्या नीट शोषल्या जात नाहीत. या दोन्ही जेवणासोबत घेतलेल्या बऱ्या. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटही जेवायला बसताना घेतली की पोट कमी बिघडतं. आणि डॉक्सिसायक्लिन रात्री झोपताना, कोरड्या घशाने, एका घोटात घेऊन आडवं होऊ नये. ती अन्ननलिकेत चिकटली तर तिथे व्रण पडतो. ग्लासभर पाणी प्यावं आणि किमान अर्धा तास बसून राहावं, एखादी मालिका बघावी. दिवसा तीच गोळी चालू असताना द्राक्षबागेत उघड्या हातांनी उन्हात उभं राहिलं तर कातडी भाजल्यासारखी लाल होते. निफाडकडच्या एका शेतकऱ्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा फवारणीच्या औषधाला दोष देत बसला.

लहान मुलांच्या ड्राय सिरपबद्दल एवढंच, की उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या रेघेपर्यंत घालायचं, अंदाजे नाही, आणि प्रत्येक वेळी हलवायचं. मोजायला सोबत आलेलं माप घ्यायचं, स्वयंपाकघरातला चमचा नाही. क्लॅव्हुलॅनेट असलेलं सिरप फ्रीजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. ते धाकट्याच्या पुढच्या खोकल्यासाठी जपून ठेवू नये.

डॉक्टरांना आपणहून सांगायच्या गोष्टी लोक हमखास विसरतात. पेनिसिलिनने पूर्वी अंगावर गांधी उठल्या होत्या का? ओठ किंवा डोळे सुजले होते का, श्वास लागला होता का? नेमकं काय झालं होतं ते सांगायचं, नुसतं "ॲलर्जी आहे" म्हणून भागत नाही. नुसती मळमळ झाली असेल तर ती ॲलर्जी नव्हे. लहानपणीच्या एका पुरळावरून जन्मभर पेनिसिलिन टाळणाऱ्यांपैकी बहुतेकांना तपासून पाहिलं तर ते चालतं, पण तोवर ते जास्त महागड्या, जास्त व्यापक गोळ्या घेत राहतात. रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असेल तर सांगायचं, बरीच अँटिबायोटिकं तिचा परिणाम वाढवतात. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर अझिथ्रोमायसिनआधी सांगायचं. साठीच्या पुढच्या माणसाला, त्यातून स्टिरॉइड चालू असेल तर, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या जातीच्या गोळ्यांनी टाचेमागचा कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) दुखावू शकतो, प्रसंगी तुटतो. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज फेऱ्या मारणारे कुणी काका गोळ्या चालू झाल्यापासून लंगडायला लागले, तर ते वयाचं नसेल. ट्रॅक बंद, गोळी बंद, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. याच गोळ्यांनी मधुमेहींची साखर अचानक खालीही जाते. गोळी घेतल्यावर श्वास लागला, चेहरा सुजला तर मात्र फोनही करत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

आता कोर्स पुरा करण्याचं. "बरं वाटलं तरी कोर्स पुरा करा" हे वाक्य इतकी वर्षं घोकलं गेलंय की त्यावर शंका घेणं पाप वाटतं. पण २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी उघडपणे लिहिलं, की कोर्स लवकर थांबवल्याने जंतू बळावतात याला पुरावा नाही, उलट गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्याने बळावतात. साध्या न्यूमोनियाला बऱ्याच पेशंटना आता पाचच दिवस देतात. त्याच वेळी स्ट्रेप्टोकोकसच्या घशाला पेनिसिलिन दहा दिवसच द्यायचं असतं, पुढे हृदयाच्या झडपा बिघडू नयेत म्हणून. आणि टीबीची औषधं सहा महिने म्हणजे सहा महिने, तिथे स्वतःचं डोकं चालवणं म्हणजे घरभर टीबी वाटणं. म्हणून मी लोकांना "पुरा करा" असंही म्हणत नाही आणि "बरं वाटलं की सोडा" असंही नाही. किती दिवस ते डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारून घ्या, तेवढे दिवस, ठरलेल्या तासांनी घ्या. दिवसातून तीनदा म्हणजे आठ-आठ तासांनी, सकाळच्या नाश्त्यापासून दुपारच्या चहापर्यंत तिन्ही नव्हेत. एखादी राहिली तर आठवल्यावर घ्या. पुढचीची वेळ आलीच असेल तर चुकलेली सोडा, दोन एकदम नकोत.

मेडिकलवाल्यांना शिव्या देणं सोपं आहे. नियम आहेत. १ मार्च २०१४ पासून एच-वन नावाची यादी लागू आहे. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन यांच्यासारखी औषधं त्यात आहेत. ती विकताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं, आणि वही तीन वर्षं सांभाळायची. २०१६ मध्ये सरकारने लाल रेघेची मोहीम काढली: पट्टीवर उभी लाल रेघ दिसली तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. रेघ आजही असते. कात्रीने दोन-दोन गोळ्या कापून देताना ती कापली जाते, एवढंच. पण गिऱ्हाईक समोर उभं राहून म्हणतं, "ती पाचशेची द्या, तीनची." अझिथ्रोमायसिन हे नावही घ्यायची गरज उरलेली नाही, कोविडने ते घराघरात पोचवलं. दवाखान्यात दाखल झालेल्या कोविडच्या रुग्णांना त्याचा काही फायदा होत नाही हे इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत स्पष्ट झालं, तोवर आपल्याकडे पोतीच्या पोती खपली होती. मेडिकलवाल्याने नाही म्हटलं तर गिऱ्हाईक रस्ता ओलांडून समोरच्याकडे जातं. एका ओळखीच्या मेडिकलवाल्याने मला सुनावलं, "मॅडम, तुम्ही दोन दिवसांनी रिपोर्ट देता, मला दोन मिनिटांत उत्तर द्यावं लागतं."

जगात २०१९ साली औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी थेट घेतलेले बळी पावणेतेरा लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये आला. मला या आकड्यापेक्षा माझे मामा जास्त समजतात.

मामांची सटाण्याकडे डाळिंबाची बाग आहे, भगवा जातीची. मृग बहार धरला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर झाडं फुलवली, आणि पाऊस लागून राहिला की तेल्या येतो. पानावर, फळावर तेलकट डाग, मग फळ तडकतं, मग व्यापारी वळूनही बघत नाही. तेल्या हा बुरशीचा रोग नाही, जिवाणूचा आहे, झँथोमोनास नावाच्या. आणि त्यावर कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात वर्षानुवर्षं काय मारलं? स्ट्रेप्टोसायक्लिन. सहा ग्रॅमची पुडी. स्ट्रेप्टोमायसिन आणि थोडं टेट्रासायक्लिन. पहिलं टीबीचं औषध, १९४३ साली अमेरिकेत मातीतल्याच एका जंतूपासून काढलेलं, आणि दुसरं डॉक्सिसायक्लिनच्या घराण्यातलं. ही पुडी बनवणारा कारखाना पिंपरीचा, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. स्वतंत्र भारताला स्वतःचं पेनिसिलिन मिळावं म्हणून १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला. त्या काळी पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने वाचलेली माणसं आमच्या घराण्यातही होती, आजी त्या कारखान्याचं नाव देवाच्या नावासारखं घ्यायची.

मी मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही झाडावर टीबीचं औषध मारताय."

"झाडाला टीबीच झालाय की मग! तू बागेत येऊन बघ एकदा."

"पण ते मातीत उतरतं ना. मातीतले जंतू शिकतात, मग आमच्या प्लेटवर येतात."

"दुसरं काय मारू ते सांग. तुमच्या डॉक्टर लोकांकडे विमा असतो, आमच्याकडे बहार असतो."

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने मसुदा काढला: या मिश्रणाची आयात आणि उत्पादन १ फेब्रुवारी २०२२ पासून बंद, आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतातला वापरही बंद. मला तो पटला, मामांना पटला नाही, आणि मामांचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही. बाग स्वच्छ ठेवा, रोगट फांद्या छाटून जाळा, कात्री दर झाडाला निर्जंतुक करा, बहार बदला, हे सगळं कृषी खातं सांगतं आणि ते खरंही आहे. पण त्याला मजूर लागतात आणि वेळ लागतो. पुडीला एक पंप पुरतो. इथेही अडचण तीच, थांबायला परवडत नाही.

थांबायचं कधी नाही हेही सांगायला हवं, नाहीतर माझं ऐकून कुणी घरी कण्हत बसेल. श्वास लागणं, बोलण्यात असंबद्धपणा, मान आखडणं, लघवी कमी होणं, तान्ह्या बाळाला ताप, गरोदर बाईला थंडी वाजून ताप, केमो चालू असलेल्या माणसाला ताप, यात कल्चरची वाट बघत नाहीत. नमुना घेतात आणि त्याच तासात औषध सुरू करतात, रिपोर्ट आल्यावर बदलतात. मोठ्या दवाखान्यांतून रात्री-अपरात्री येणाऱ्या ब्लड कल्चरच्या बाटल्या याच असतात, आणि त्या आल्या की आम्हीही काउंटरशी वाद घालत नाही.

उरलेल्या साध्या तापा-खोकल्यांसाठी पंचवटीतले एक म्हातारे डॉक्टर आहेत, ज्यांच्या चिठ्ठ्या मला ओळखू येतात. ते पहिल्या दिवशी अँटिबायोटिक लिहीत नाहीत. पॅरासिटामॉल लिहितात, खाली वार लिहितात आणि त्याखाली आमच्या लॅबसाठी दोन ओळी: गुरुवारपर्यंत ताप गेला नाही तर ब्लड कल्चर, लघवी कल्चर, त्याआधी कोणतीही गोळी नको. अमुक झालं तर गुरुवारची वाट न बघता या, हेही मागच्या बाजूला. एकदा रिपोर्टबद्दल फोन आला तेव्हा मी त्यांना विचारलं, लोक ऐकतात का तुमचं?

"निम्मे गुरुवारी येत नाहीत," ते म्हणाले. "बरे झाले म्हणून येत नाहीत, की शेजारच्याकडून तीनची पट्टी घेतली म्हणून, ते मला कळत नाही. तुमच्याकडे काही नोंद असते का?"

आमच्याकडे नसते. जो नमुना आलाच नाही त्याची नोंद कुठल्या वहीत करणार?